दोष यंत्रात की तारेत? डिजिटल मॉडेल रेल्वेचा वीजपुरवठा



दुकानाच्या शोकेसमध्ये छोटी रेल्वे धावू लागली की रस्त्याने जाणारा थांबतोच. पण ती जवळ झकास धावते आणि दूरच्या वळणावर धापा टाकते, ही नेहमीची तक्रार. मालक घाबरून नवे कंट्रोल यंत्र मागवतो. पैसे जातात, दोष जिथल्या तिथे राहतो.

जुन्या पद्धतीत व्होल्टेज कमीजास्त करून वेग बदलत. डिजिटल पद्धतीत रुळांत कायम पूर्ण दाब असतो, एचओ मापाला साधारण १५ व्होल्ट. त्याच विजेतून हुकूमही जातो आणि इंजिनातला डिकोडर तो वाचून मोटार चालवतो. म्हणजे वीज तुटली की हुकूमही तुटला. तपासणी अशा क्रमाने करावी.

१) यंत्रापासून रुळांच्या तारा सोडवा. तरीही यंत्र बंद पडत असेल तर दोष यंत्रात किंवा त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये. चालू राहिले तर दोष पुढे आहे.

२) रूळ आणि चाके स्वच्छ पुसा. अर्ध्या तक्रारी मळाच्याच निघतात.

३) दूरच्या टोकाला मोटारीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा तारेचा बल्ब जोडा आणि दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा. साधा मीटर या विजेचा आकडा अचूक दाखवत नाही, पण दोन ठिकाणांचा फरक नक्की कळतो. ओझ्याशिवाय मोजाल तर फसाल.

४) फरक मोठा असेल तर तार पाहा. १० मीटर अंतरावर जाऊन-येऊन २० मीटर तार लागते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ५ अँपिअरला सुमारे साडेतीन व्होल्ट वाया जातात. अडीचच्या तारेत पाऊण व्होल्टसुद्धा नाही. रुळांच्या जोडपट्टीवर भरोसा ठेवू नका, मुख्य तारेपासून जागोजागी फाटे द्या.

५) गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर उलटी परतते, तिथे डावा-उजवा रूळ भिडून शॉर्ट होतो. तो तुकडा दोन्ही टोकांना तोडून त्याला स्वयंचलित उलटणारे उपकरण लावावे.

६) शेवटी नाण्याची परीक्षा. ठिकठिकाणी दोन्ही रुळांवर नाणे आडवे ठेवा. यंत्राने क्षणात वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर लगेच स्विच बंद करा, मगच नाणे उचला. ५ अँपिअर आणि १५ व्होल्ट म्हणजे ७५ वॅट उष्णता. सोल्डरिंगला २५ वॅट पुरतात! दुकान कापडाचे असेल तर पुढचे सांगायला नको. ही परीक्षा उतरेपर्यंत गाडी चालवू नये.

कारीगर बंधूंना एकच अर्ज. दोष सैल तारेचा निघाला तर मेहनताना तेवढाच घ्या, नवे यंत्र गळ्यात मारू नका. गिऱ्हाइकाला यातले काही कळत नाही, म्हणूनच त्याचा विश्वास ही आपल्याकडची अमानत आहे.