अन्ननलिकेतील मेलॅनोमाचे निदान

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य ज्या पेशी निर्माण करतात, त्यांपासून उद्भवणाऱ्या दुर्दम अर्बुदास मेलॅनोमा म्हणतात. हा रोग मुख्यतः त्वचेचा. जेथे सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही त्या अन्ननलिकेत तो कसा उद्भवावा, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. शवविच्छेदनांवर आधारलेल्या १९६३ सालच्या एका अभ्यासाने त्याचे उत्तर दिले. काही थोड्या माणसांच्या अन्ननलिकेच्या अस्तरातही या रंगपेशी असतात, असे त्यातून दिसून आले. तरीही अन्ननलिकेच्या दर हजार दुर्दम अर्बुदांत मेलॅनोमा एखाददुसराच आढळतो.

रोग्याची तक्रार ऐकून हा भेद कळत नाही. घास अडकणे, छातीत दुखणे, वजन घटणे ही लक्षणे अन्ननलिकेच्या नेहमीच्या कर्करोगातही असतात. अंतर्दर्शकातून पाहिले असता नलिकेच्या मधल्या किंवा खालच्या भागात, पोकळीत डोकावणारी गाठ दिसते. ती काळसर असल्यास वैद्याला शंका येते. परंतु केवळ रंगावर विसंबता येत नाही. काही गाठींत मेलॅनिन जवळजवळ नसतेच. अशा गाठीचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तर तो सामान्य कर्करोगाचाच वाटण्याचा संभव असतो.

अशा वेळी पेशींतील विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या प्रतिपिंडांचे साहाय्य घेतात. एस-१००, एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए यांच्या चाचण्या होकारार्थी आल्या व अस्तरपेशींतील केराटिन आढळले नाही, तर मेलॅनोमाचे निदान बळकट होते.

एवढ्याने काम संपत नाही. त्वचेतील किंवा डोळ्यातील मेलॅनोमा पसरूनही अन्ननलिकेत येऊ शकतो. म्हणून रोग्याचे सर्व शरीर तपासावे लागते आणि पूर्वी काढून टाकलेल्या एखाद्या तिळाचीही चौकशी करावी लागते. गाठीलगतच्या अस्तरात विकृत रंगपेशी आढळल्या, तर रोगाचा उगम तेथेच झाला असे मानण्यास आधार मिळतो. ॲलन व स्पिट्झ यांनी १९५३ साली मांडलेल्या निकषांत या खुणेला महत्त्वाचे स्थान आहे.

हा केवळ नावाचा वाद नव्हे. हा रोग रक्तातून व लसीकावाहिन्यांतून लवकर पसरतो. तो अन्ननलिकेपुरता मर्यादित असेल, तरच शस्त्रक्रियेपासून काही आशा धरता येते. शिवाय मेलॅनोमावरील औषधे नेहमीच्या कर्करोगावरील औषधांहून बरीच वेगळी आहेत. निदान चुकले, तर उपचारांची दिशाच चुकते.