नोंदींचे यंत्र, त्याची किल्ली आणि सावित्रीचे पाणी



महाड व पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत शाखा असलेल्या सहकारी बँकेच्या संगणक विभागाची जबाबदारी पुतण्याकडे आली असून, कूटबद्ध नोंदी सांभाळणाऱ्या प्रणालीसाठी कोणते यंत्र घ्यावे याचा प्रस्ताव त्याला संचालक मंडळापुढे ठेवायचा आहे, असे त्याच्या पत्रावरून कळले. विक्रेत्याच्या पत्रकात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क या तिन्हींचीच अट लिहिलेली असते. परंतु सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठावरील गावात ती अट अर्धीच ठरते, कारण कूटबद्ध नोंद वाचण्याची किल्ली आणि ती किल्ली ठेवलेली जागा पुरातून वाचली नाही, तर यंत्र कितीही भारी असले तरी त्यातील नोंद कोणालाच वाचता येत नाही, असे काकांचे ठाम मत आहे.

येथे नोंद म्हणजे लॉग, यंत्राने स्वतःच वेळेसह लिहून ठेवलेली माहिती: कोण किती वाजता आत आला, कोणती फाइल उघडली, कोणता व्यवहार नाकारला गेला. अशा नोंदींत खातेदारांची माहिती, कर्मचाऱ्यांची नावे आणि जाळ्याची अंतर्गत रचना उघडी पडते, म्हणून त्या गणिती पद्धतीने अशा रूपात साठवायच्या की किल्लीवाचून त्या निरर्थक दिसाव्यात. यालाच कूटबद्ध करणे म्हणतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, आणि त्यांत नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याची अपेक्षा आहे; तेव्हा प्रस्तावातील हिशेब वर्षाचाच धरावा. मंडळातील कोणी या खर्चाची गरज विचारली, तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण द्यावे. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे बनावट मंजुऱ्या देणारी यंत्रणा मध्ये घुसवून अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. अशा हल्ल्यात एका यंत्राची नोंद दुसऱ्याशी ताडून पाहिल्याखेरीज फसवणूक दिसत नाही, आणि घुसखोर ज्या यंत्रात शिरतो त्याच यंत्रातील नोंदी तो आधी पुसतो. म्हणून नोंदी तत्काळ दुसऱ्या, वेगळ्या यंत्रावर गेल्या पाहिजेत.

डिस्कचा हिशेब कोणाच्या सांगण्यावर न विसंबता स्वतः मांडावा. समजा, सर्व यंत्रांतून मिळून सेकंदाला २०० नोंदी येतात आणि एक नोंद सरासरी ५०० बाइटची आहे, तर दिवसाला सुमारे ८.६ जीबी, १८० दिवसांत सुमारे दीड टेराबाइट आणि वर्षात ३ टेराबाइटहून थोडे अधिक साठते. शिवाय जलद शोधासाठी बनवलेली सूची आणि दुसरी प्रत यांची जागा वेगळीच. येथे एक चूक वारंवार होते. नोंदींत तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने त्या दाबून फार लहान करता येतात. पण कूटबद्ध केलेला मजकूर यादृच्छिक अक्षरांसारखा दिसतो आणि तो दाबला जात नाही, त्यामुळे आधी दाबणे आणि मग कूटबद्ध करणे हाच क्रम ठेवावा, अन्यथा डिस्क कित्येक पट मोठी घ्यावी लागेल. प्रोसेसरची चिंता फारशी करू नये: २००१ मध्ये प्रमाणित झालेली एईएस ही कूटपद्धती चालवण्याच्या खास आज्ञा आजच्या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये असतातच, फक्त जुना संगणक वापरायचा असल्यास त्या आहेत की नाहीत हे पाहावे. मेमरीबाबत, ओपनसर्चसारखी शोधप्रणाली वापरल्यास तिला एकूण मेमरीच्या निम्म्याहून अधिक देऊ नये, कारण उरलेली मेमरी कार्यप्रणाली फाइली हाताशी ठेवण्यासाठी वापरते.

कूटबद्ध करण्याच्या दोन पातळ्या आहेत आणि पुतण्याने त्या एक समजू नयेत. पहिली संपूर्ण डिस्कची: डिस्क चोरीस गेली, किंवा पुरानंतर भिजलेले संगणक भंगारात गेले, तरी त्यातील मजकूर सुरक्षित राहतो, मात्र यंत्र चालू असताना आत शिरलेल्याला सारे उघडेच दिसते. दुसरी पातळी फाइलची, जोडकिल्लीची. देवळातील दानपेटीत कोणीही पैसे टाकू शकतो, पण ती उघडतात ती केवळ विश्वस्त; तसेच येथे जाहीर किल्लीने नोंद बंद करता येते आणि ती उघडणारी खासगी किल्ली त्या यंत्रावर असण्याचे कारणच नसते. नुकत्याच आलेल्या नोंदी शोधता याव्यात म्हणून त्या पहिल्या पातळीवर ठेवाव्यात आणि जुन्या होताच जोडकिल्लीने बंद कराव्यात, हा व्यवहार्य मार्ग होय.

आता जागेविषयी, आणि हाच भाग प्रस्तावात सर्वांत सविस्तर यावा. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतील तळमजले बुडाले, वीज गेली, मोबाइलही मुके झाले, आणि त्याच दिवशी तळिये गावी दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. तेव्हा यंत्र तळमजल्यावर ठेवू नये, त्या पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर पाहून तिच्यापेक्षा पुरेसे वर ठेवावे, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या व जनरेटर जागेअभावी खाली नेऊ नयेत; यंत्र वर आणि त्याची वीज खाली, अशी मांडणी झाली तर वर ठेवल्याचा काहीच उपयोग नाही. डिस्क कूटबद्ध असली की वीज परत आल्यावर यंत्र परवलीचा शब्द मागत थांबते, आणि रस्ते बंद असताना तो शब्द टाकणारा माणूस पोचू शकत नाही. यंत्रातील सुरक्षा-चिप हे काम आपोआप करू शकते, परंतु मग संपूर्ण यंत्रच चोरीस गेल्यास तेही आपोआप उघडते. यातील कोणता धोका पत्करायचा, हे मंडळाने लेखी ठरवावे. तंत्रज्ञाने एकट्याने ठरवू नये.

खासगी किल्लीच्या दोन प्रती असाव्यात, त्यांतील एक महाडाबाहेर, सावित्रीच्या खोऱ्यापासून दूर असलेल्या शहरात. डिस्क उघडण्यासाठी लागणाऱ्या तिच्या आरंभीच्या भागाचीही, म्हणजे हेडरची, प्रत वेगळी ठेवावी, कारण तो छोटा भाग बिघडला तर परवलीचा शब्द ठाऊक असूनही डिस्क उघडत नाही. किल्ली बदलली तरी जुनी फेकू नये. तिने बंद केलेल्या नोंदी जोवर जपायच्या आहेत तोवर तीही जपावी.

पोलादपूरच्या शाखेचा प्रश्न वेगळा आहे. तेथून येणारी लाइन पावसात तुटते, आणि नोंदी यूडीपी या पद्धतीने पाठवल्या तर पोच नसल्याने तुटलेल्या काळातील नोंदी हरवतात, हेही कळत नाही. म्हणून पोच देणारी टीसीपी पद्धत, तिच्यावर टीएलएसचे कूटबद्ध आवरण आणि शाखेतील डिस्कवर तात्पुरती रांग, अशी रचना करावी. सेकंदाला २० नोंदी धरल्या तर आठवडाभराची रांग सुमारे ६ जीबीत मावते, म्हणजे खर्च किरकोळ आहे. घड्याळाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. यंत्रातील छोटी बॅटरी संपलेली असेल आणि वीज बराच काळ गेली, तर संगणक कित्येक वर्षे मागची तारीख घेऊन सुरू होतो, टीएलएसचे प्रमाणपत्र अजून लागू झालेले नाही असे समजून जोडणी नाकारतो, आणि रांग भरत जाते तरी कारण कोणाच्या लक्षात येत नाही. सर्ट-इनच्या निर्देशांत घड्याळे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले आहे ते येथेही उपयोगी पडते, आणि शाखांच्या नोंदी एका क्रमाने लावण्यासाठीही.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून एक चाचणी करून घ्यावी: कोऱ्या यंत्रावर बाहेरगावची किल्ली आणून मागील महिन्यातील एका दिवसाच्या नोंदी उघडून दाखवाव्यात, आणि त्यास लागलेला वेळ प्रस्तावात लिहावा, कारण ६ तासांची मुदत त्याच वेळातून जाणार आहे. ही चाचणी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी व्हावी. प्रस्तावाचा मसुदा तयार होताच काकांकडे पाठवावा. किल्लीच्या प्रतींची जागा मात्र त्यात लिहू नये.


काकांचे आशीर्वाद