ग्राफिक्स कार्ड : शिक्का पाहावा की माल?

सोलापुरातील व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या घरी कॉम्प्युटर ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. हिशेबासाठी, डिझाइनसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी तो आला आणि त्याच्या मागोमाग खेळही आले. काही तरुण गेमिंग पार्लर काढू म्हणतात आणि चार-पाच मशीनचे भांडवल वडिलांकडे मागतात. या भांडवलाचा मोठा हिस्सा ग्राफिक्स कार्ड नावाच्या एकाच जिनसेत जातो. मुलगा म्हणतो एनव्हिडियाच घ्यायचे, त्याचा दोस्त म्हणतो एएमडी स्वस्त पडते. वडील बिचारे पैसे मोजतात, पण काय घेतले ते त्यांना कळत नाही. ज्याला सुताची पारख आहे, त्याला ही पारख अवघड जाऊ नये.

कार्डाचे काम सोपे आहे. खेळ चालू असताना पडद्यावरचे चित्र दर सेकंदाला साठ, शंभर किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने तयार करावे लागते. ते हे कार्ड करते. ताकद कमी पडली की चित्र अडखळते, आणि पार्लरमधले गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जाते.

खोक्यावर दोन कंपन्यांची नावे असतात, हे आधी समजून घ्यावे. एक चिप बनवणाऱ्याचे, दुसरे त्या चिपवर कार्ड उभे करणाऱ्याचे. चिपवाले तीन आहेत. एनव्हिडिया ही १९९३ साली निघालेली अमेरिकन कंपनी. तिचे मोठे कार्यालय आपल्या पुण्यातही आहे. एएमडीने २००६ साली कॅनडाची एटीआय कंपनी विकत घेतली आणि तिचा रेडिऑन हा माल पुढे चालवला. तिसरी इंटेल, तिने २०२२ साली आर्क नावाची कार्डे बाजारात आणली. कार्ड उभे करणारे मात्र असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर असे बरेच आहेत. सूत एका गिरणीचे आणि विणकाम दुसऱ्या कारखान्याचे, असाच हा व्यवहार आहे. खेळाचा वेग ठरतो चिपवर. पंखे, आवाज, टिकाऊपणा आणि वॉरंटी ठरते कार्ड उभे करणाऱ्यावर. एकाच चिपच्या दोन कार्डांत वेगाचा फरक अगदी थोडा असतो, किमतीत मात्र हजारोंचा. रंगीत दिव्यांचे जादा पैसे मोजू नयेत.

आता मुख्य गोष्ट. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापूरच्या नावाने बाहेरगावची चादर बाजारात विकली जाते, हे आपण सगळे जाणतो. नाव तेच, पण काउंट हलका, पिक कमी. ग्राफिक्स कार्डाच्या बाजारात हा प्रकार खुद्द मूळ कंपन्यांनीच केलेला आहे. एएमडीच्या आरएक्स ५८० मध्ये २०१७ साली गणित करणारी २३०४ एकके होती. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी त्याच नावाचे कार्ड निघाले, त्यात २०४८ एकके. तो माल फिरत फिरत इतर देशांतही पोहोचला. एनव्हिडियाही मागे नाही. जीटीएक्स १०६० ची ६ जीबी आणि ३ जीबी अशी दोन कार्डे २०१६ साली आली. लोकांना वाटले फरक मेमरीचाच आहे. प्रत्यक्षात ३ जीबीवाल्यात एककेही १२८० ऐवजी ११५२ होती. २०१८ साली जीटी १०३० हे कार्ड हलकी मेमरी लावून पुन्हा विकले गेले. मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांशावर आला, नाव तेच राहिले. २०१४ चे जीटीएक्स ९७० हे ४ जीबीचे म्हणून विकले, पण त्यातील शेवटचा अर्धा जीबी फार मंद चालत होता. अमेरिकेत खटला झाला आणि २०१६ मध्ये प्रत्येक खरेदीदाराला ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला त्याचा काय फायदा?

तेव्हा “मी अमुक कंपनीचाच माणूस” ही भाषा मुलांना बोलू द्यावी, पैसे देणाऱ्याने बोलू नये. पूर्ण मॉडेल, मेमरीचे माप आणि मेमरीची जात या तीन गोष्टी दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्याव्यात.

त्यानंतर काम पाहावे. पार्लरमध्ये व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक असे खेळ साध्या फुल एचडी पडद्यावर चालवायचे असतील, तर तिन्ही कंपन्यांचे मधल्या दर्जाचे कार्ड पुरते. नवे भारी खेळ आणि मोठा पडदा असेल तर मेमरी पाहावी. ८ जीबी आता तोकडी पडू लागली आहे; १२ किंवा १६ जीबी मिळत असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांत डीएलएसएस नावाची सोय आहे; ती लहान चित्र मोठे करून वेग वाढवते, आणि चित्राचा दर्जा चांगला राहतो. व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी डिझाइनच्या पुष्कळ सॉफ्टवेअरलाही एनव्हिडिया अधिक मानवते. ज्यांना दिवसा हे काम आणि रात्री खेळ असा दुहेरी उपयोग करायचा आहे, त्यांनी तिकडे झुकावे. निव्वळ खेळासाठी एएमडीत बहुधा त्याच पैशात जास्त माल मिळतो. इंटेलचे आर्क बी ५८० (डिसेंबर २०२४) १२ जीबीचे आणि किमतीला वाजवी आहे. पण ते जुन्या मशीनमध्ये बसवू नये. रिसायझेबल बार ही सोय मदरबोर्डात नसेल तर वेग बराच घसरतो, आणि जुन्या प्रोसेसरबरोबर ते कमी पडते.

विजेचा हिशेब फार थोडे लोक करतात. आरटीएक्स ४०६० जास्तीत जास्त ११५ वॅट घेते, बी ५८० १९० वॅट. फरक ७५ वॅटचा. रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस पूर्ण भाराने चालले तर एका कार्डामागे २२५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर २,२५० रुपये, आणि पाच मशीनचे वर्षाला ११,२५० रुपये. आपल्या बिलावरचा खरा दर घालून हेच गणित पुन्हा करावे. स्वस्त घेतलेले कार्ड दोन-तीन वर्षांत किती महाग पडते ते कळेल. शिवाय तेवढी उष्णता खोलीत पडते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा कूलरवाल्या खोलीत पाच मशीन चालवून पाहा! मागाच्या शेडजवळ घर असेल तर कापसाची बारीक धूळ पंख्यात आणि जाळीत नमद्यासारखी बसते. तिथे दर महिन्याला सफाई हवी. पॉवर सप्लायही नावाजलेल्या कंपनीचाच घ्यावा. त्यात वाचवलेले हजार रुपये पुढे कार्डच घेऊन जातात.

जुने कार्ड घ्यायचे असेल तर जास्त जपावे. सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी हजारो कार्डे रात्रंदिवस राबवली गेली आणि नंतर विकायला निघाली. जीटीएक्स १०६० सारख्या जुन्या पिढीसाठी एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या खेळांचे ड्रायव्हर बंद केले, सुरक्षेपुरते तेवढे चालू ठेवले. नकली मालही आहेच. २०१० च्या आसपासच्या जीटीएस ४५० सारख्या कार्डांचे आतले नाव बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवली गेली. विंडोजसुद्धा तेच खोटे नाव दाखवते. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी कार्डे बहुधा ओळखून सांगते. ते पेन ड्राइव्हवर सोबत न्यावे. विकणाऱ्यासमोर अर्धा तास भारी खेळ चालवावा, पंख्यांचा आवाज ऐकावा, तापमान पाहावे, मगच सौदा करावा.

नव्या मालाचे बिल पक्के घ्यावे. कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी घेतले असेल तर नियमाप्रमाणे त्याचे क्रेडिट मिळू शकते. कच्च्या चिठ्ठीवर ते मिळत नाही आणि वॉरंटीचा दावाही अडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा किंवा सोलापुरातल्या दुकानातून, खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव आणि एमआरपी छापलेली असावी. परदेशातून सुटे आणलेल्या कार्डाला इथे वॉरंटी मिळेलच असे नाही. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर दुकानातच जुळवून पाहावा. काही कंपन्यांची वाढीव वॉरंटी ठरलेल्या मुदतीत नोंदणी केली तरच लागू होते. ती नोंदणी मुलाकडून त्याच आठवड्यात करून घ्यावी.