करारात न लिहिलेलं

चि. सोनूस,


मुलींच्या बँडची मुख्य गायिका म्हणून तुझी निवड झाली, याचं कौतुक आहेच. आता रेकॉर्डिंगचा करार समोर येईल, तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेव: करारात जे लिहिलेलं नसतं, ते बहुधा गाणाऱ्याच्या हातून जातं. न्यूयॉर्कच्या ‘द रॉनेट्स’ या मुलींच्या गटाचं उदाहरण बघ. मुख्य गायिका रॉनी, तिची बहीण एस्टेल आणि नात्यातली बहीण नेड्रा यांनी १९६३ साली निर्माता फिल स्पेक्टरच्या कंपनीशी करार केला. त्याच वर्षी त्यांचं ‘बी माय बेबी’ हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. तिघींना मिळून सुमारे १५,००० डॉलर उचल मिळाली. रॉयल्टी मात्र मिळाली नाही. पुढे हे गाणं ‘डर्टी डान्सिंग’सारख्या चित्रपटात वाजलं. त्या कमाईतला वाटा मागायला त्या कोर्टात गेल्या. २००२ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने सांगितलं की रेकॉर्डिंगची मालकी बिनशर्त कंपनीची आहे. चित्रपट-टीव्हीतल्या वापराबद्दल करारात शब्द नाही, म्हणून त्या पैशांवर गायिकांचा हक्क नाही. रेकॉर्डविक्रीवरची रॉयल्टी तेवढी त्यांना देय ठरली.

तू म्हणशील, स्पेक्टरची कल्पकता आणि पैसा नसता तर ते गाणं झालंच नसतं. खरं आहे, आणि त्याचा वाटा कुणी नाकारत नाही. पण रॉनीच्या आवाजाशिवायही ते झालं नसतं. न्यायालयाला त्या तिघींबद्दल सहानुभूती होती, तरी निकाल कागदावरच लागला. दुसरी शंका अशी की नवख्या मुलीच्या अटी ऐकणार कोण? सगळ्या नाही ऐकणार. लता मंगेशकरांनाही साठच्या दशकात रॉयल्टीसाठी भांडावं लागलं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापराबद्दल गायकांना रॉयल्टीचा हक्क कायद्यानेच दिला आहे. पण हिशेब मागितल्याशिवाय हातात काही पडत नाही. म्हणून मुदत किती, वापर कोणकोणते, हिशेब कधी मिळणार, हे तरी लिहून घे. एखादी अट मान्य झाली नाही, तरी आपण काय सोडतोय हे तुला कळलेलं असेल.

करार वकिलाकडून वाचून घे आणि त्या वेळी बाकीच्या मुलींनाही सोबत बसव. लोक तुझं नाव आधी घेतील, पण त्या कागदाने बांधल्या जाणार आहात सगळ्याजणी.

तुझी,
मावशी