पद्मावतीचा रंगमंच कोठे शोधावा?

ग्रीसमधील एपिडॉरसचे नाट्यगृह पाहणाऱ्याला नाटकाचा अभ्यास दगडापासून सुरू करता येतो. उतारावर चढत गेलेल्या पायऱ्या, खाली वृंदाचे वर्तुळाकार अंगण, मागे नेपथ्यगृहाचा पाया; प्रेक्षक आणि नट यांच्या जागा अवशेषच सांगतात. संस्कृत नाटकाच्या विद्यार्थ्याला ही सोय नाही. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात मध्यम आयताकृती मंडपाचे माप ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे दिले आहे. मंडप फार मोठा असला, तर संवाद नीट ऐकू येत नाहीत आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, हे कारणही तेथेच आहे. परंतु लाकूड-विटांचे ते मंडप काळाच्या ओघात गेले.

मग ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याने पाहावे काय? फूलबागेहून प्रथम किल्ल्याच्या पायथ्याचे गुजरी महाल संग्रहालय गाठावे. तेथे पवाया येथील गुप्तकालीन शिल्पपट्ट आहे. मध्ये नर्तकी, भोवती वादक स्त्रिया. कोणाच्या हाती धनुष्याकृती वीणा, कोणाजवळ तालवाद्ये. प्रयोगाची मांडणी येथे डोळ्यांना दिसते.

नंतर पवायाला जावे. ग्वाल्हेर संस्थानचे पुरातत्त्वाधिकारी मो. बा. गर्दे यांनी उत्खनन केलेले हे स्थळ म्हणजे प्राचीन पद्मावती, भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकातील नगरी. भवभूती विदर्भातील पद्मपूरचा. त्याचा नायक माधव हाही विदर्भातून पद्मावतीला शिकायला आलेला तरुण! पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्या मराठी माणसाला हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नवव्या अंकाच्या आरंभी सौदामिनी आकाशमार्गे येते आणि सिंधू व पारा या नद्यांनी वेढलेली नगरी वर्णन करते. वर्गात हा भाग अनेकदा ‘निसर्गवर्णन’ म्हणून आटोपला जातो. संगमाकाठी तो मोठ्याने वाचला, की त्याचे नाट्यकार्य कळते. मंचावर नदी आणता येत नाही. ती नटीच्या शब्दांतून, नजरेतून आणि हातांतून प्रेक्षकापुढे उभी राहायची असते.

म्हणून विद्यार्थ्यांनी वहीत तीन रकाने आखावेत: संहितेत काय आहे, स्थळी काय दिसते आणि अभिनयाने काय दाखवावे लागेल. तिसरा रकाना भरताना नाटक केवळ पाठ्यपुस्तक राहत नाही. आपल्या हरवलेल्या नाट्यमंडपाचा पाया संहितेतच शिल्लक आहे. तो प्रयोगाच्या दृष्टीने वाचायला शिकवणे हे आपले काम आहे.