मोबाईल काढून घेण्याआधी



आठवी-नववीतल्या मुलाच्या हाती मोबाईल द्यावा की देऊ नये, हा वाद बहुतेक घरांतून आता संपला आहे. शाळेचा अभ्यास, क्लासची वेळ, मित्रमंडळी, सारे त्यातच येऊन बसले आहे. नकोच म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब अशा माध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. परंतु ज्यांच्या घरी मोबाईल आहे, त्यांना आम्ही एकच विचारतो. उद्या त्या मोबाईलमुळे आपला पाल्य अडचणीत सापडला, तर तो आपल्याकडे येईल का?

ही अडचण कशी येते ते पाहू. एखादी अनोळखी व्यक्ती इन्स्टाग्रामवर मैत्रीचा हात पुढे करते. फोटो आपल्याच वयाच्या मुलीचा किंवा मुलाचा असतो. चार दिवस गोड बोलणे होते, मग गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर नेल्या जातात. तेथे नको तसला फोटो मागितला जातो किंवा व्हिडिओ कॉल करून तो गुपचूप टिपला जातो. पुढच्याच क्षणी सूर बदलतो: पैसे पाठव, नाहीतर हे तुझ्या आईवडिलांना आणि सगळ्या मित्रांना पाठवतो. मुली जशा यात सापडतात तसेच मुलगेही सापडतात.

या धमकीत जोर कोणत्या शब्दात आहे? 'आईवडिलांना' या शब्दात. मुलाला त्या भामट्यापेक्षा घरची भीती जास्त वाटते, हे त्या भामट्याला पक्के ठाऊक असते. मार बसेल, मोबाईल जाईल, बाबा बोलणार नाहीत, या भीतीने मूल गप्प राहते आणि पैसे देत राहते. पैसे मिळाले की मागणी थांबत नाही, वाढते. काही देशांत अशा धमक्यांमुळे मुलांनी जीव दिल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून 'काही झाले तर मोबाईल काढून घेईन' असे आपण रागाच्या भरात म्हणतो, तेव्हा नकळत त्या भामट्याच्याच हाती काठी देतो. त्याऐवजी संकट येण्यापूर्वीच, एखाद्या रात्री जेवताना, मुलांना स्पष्ट सांगावे: काहीही घडले तरी आधी मला सांग, मी ओरडणार नाही. आणि खरोखरच ओरडू नये. (हे दुसरे पहिल्यापेक्षा कठीण आहे, याची आम्हांला कल्पना आहे.)

ॲरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना त्याच्या काळची एक जुनी म्हण सांगितली आहे. सोबत मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, असा तिचा आशय. खाल्ल्या मिठाला जागणे आपल्याला ठाऊक आहेच. यादीतल्या आठशे 'फ्रेंड्स'पैकी कोणाबरोबर आपण मीठ खाल्ले आहे, हे मुलांनी स्वतःच मोजून पाहावे. उपदेशापेक्षा हा हिशेब त्यांना लवकर पटतो.

इन्स्टाग्रामवर भारतात २०२५ पासून किशोरांसाठी वेगळी खाती आली आहेत. त्यांत खाते आपोआप खाजगी राहते, अनोळखी माणसाला थेट संदेश पाठवता येत नाही आणि सोळा वर्षांखालील मुलाला हे निर्बंध सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. मात्र खाते उघडताना जन्मसाल खोटे टाकले, तर यातले काहीच लागू होईल याचा भरवसा नाही. काही घरांत ते खोटे साल पालकच टाकून देतात!

मोबाईलवर चांगलेही पुष्कळ घडते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झालेला कार्लो अकुतीस अवघ्या पंधराव्या वर्षी, २००६ साली, वारला; त्याआधी त्याने पवित्र मिस्सातील चमत्कारांची माहिती गोळा करून संकेतस्थळासाठी मांडली होती. आपल्या मुलांना व्हिडिओ जोडणे, पोस्टर करणे सहज जमते. ते काम त्यांना मागून घ्यावे.

आता, धमकी आलीच तर काय करावे? पैसे देऊ नयेत. घाबरून सगळे पुसून टाकू नये. संभाषण, खात्याचे नाव, पैसे मागितलेला क्रमांक यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत आणि मग ब्लॉक करावे. मुलाचा तो फोटो 'सल्ल्यासाठी' म्हणूनसुद्धा कोणा नातेवाइकाला पाठवू नये. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण मुलगा व मुलगी दोघांनाही आहे.

याशिवाय 'टेक इट डाऊन' नावाची विनामूल्य सेवा आहे. फोटो मोबाईलमधून बाहेर न जाता त्याचा बोटाच्या ठशासारखा एक सांकेतिक क्रमांक तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्राम अशी सहभागी माध्यमे त्यावरून तो फोटो शोधून हटवू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कुलूपबंद संदेशांपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. पण फोटो अठरा वर्षांखालील असतानाचा असेल, तर आज कॉलेजात किंवा नोकरीत असलेल्या मुलामुलींनाही ती वापरता येते.