मोठ्या प्लेको माशांचा एकत्र संसार

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत काचेला तोंड चिकटवून स्वस्थ बसलेला, ठिपक्यांचा काळसर मासा तुम्हीं पाहिला असेल. दुकानदार त्यास ‘सकर’ म्हणतो व शेवाळ खाऊन टाकी स्वच्छ ठेवणारा नोकर म्हणून आपल्या गळ्यांत बांधतो. त्या वेळीं तो दोन इंचांचा असतो. तो पुढें केवढा होणार, हें सहसा कोणी सांगत नाहीं, आणि आपणही विचारीत नाहीं. मींही विचारलें नाहीं.

हा प्लेको मूळचा दक्षिण अमेरिकेंतील नद्यांचा रहिवासी. लिनीअस या शास्त्रज्ञानें १७५८ सालीं त्याच्या एका जातभाईस ‘प्लेकोस्टोमस’, म्हणजे घडीदार तोंडाचा, असें नांव दिलें. अंगावर हाडांच्या तकटांचें चिलखत, खालच्या बाजूस वळलेलें चूषक तोंड, आणि पाण्यांत प्राणवायु कमी पडल्यास हवा गिळून ती जठरावाटें शोषण्याची सोय, अशा सामग्रीमुळें हा मासा मोठा चिवट झाला आहे. बाजारांत नेहमीं मिळणाऱ्या जाती एक ते दीड फूट वाढतात व दहा-पंधरा वर्षें जगतात.

येथें थोडें गणित करूं. आकार तोच राहून लांबी दुप्पट झाली, कीं वजन आठपट होतें, हें घनफळाच्या धड्यांत तुम्हीं शिकलांच आहां. दोन इंचांचा मासा सोळा इंच झाला म्हणजे लांबी आठपट, आणि वजन ५१२ पट! अन्न व विष्ठा अगदीं त्याच पटीनें वाढत नाहींत, तरी ज्यास आपण झाडूवाला म्हणून आणिलें तोच टाकींत सर्वांहून अधिक घाण करूं लागतो. माशांच्या कल्ल्यांतून व कुजणाऱ्या विष्ठेंतून अमोनिया निघतो. गाळणीच्या स्पंजावर राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात. पहिले दोन पदार्थ विषारी आहेत; तिसरा पुष्कळ सौम्य, पण तोही साचूं देतां कामा नये. म्हणून दर आठवड्यास तिसरा हिस्सा पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं घालवावा, आणि स्पंज टाकींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा.

एवढें सर्व आम्हीं शाळेंत नीट करीत होतों. फसलों तें निराळ्याच ठिकाणीं. प्रयोगशाळेंतील चार फुटी टाकींत तीन प्लेको होते. लहानपणीं हे मासे एकमेकांस खेटून बसतात. मोठेपणीं, विशेषतः नर, लपण्याची जागा ठरवून तिच्यावर हक्क सांगतात. आमच्या टाकींत मातीची नळी एकच होती. हे मासे निशाचर असल्यानें भांडण रात्रीं होई. दिवसा पाहावें तों तिघेही स्वस्थ! एके सोमवारीं सर्वांत लहान मासा मेलेला आढळला. त्याचे पर फाटलेले होते. ज्या मुलाकडे अन्न घालण्याचें काम होतें तो रडूं लागला. शनिवारीं काकडी कमी घातली म्हणून हें झालें, असें त्यास वाटलें. चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि तें मीं वर्गासमोर सांगितलें.

मोठे प्लेको एकत्र ठेवावयाचेच असतील तर प्रथम तळाचें क्षेत्रफळ पाहावें. उंची या माशाच्या फारशी कामाची नाहीं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व तितक्याच उंच टाकींत सुमारें ६८० लिटर पाणी मावतें, आणि पाण्याचेंच वजन ६८० किलो होतें, हें पालकांनीं घरांतील टेबलाकडे पाहून ठरवावें. माझ्या मतें अशा टाकींतही दोहोंहून अधिक नकोत. जितके मासे त्यांहून एक तरी नळी जास्त, आणि त्या एकमेकींपासून दूर असाव्या. दिवा मालवल्यावर दुधी, काकडी किंवा पालक दोन्ही टोकांस घालावा. चघळावयास लाकडाचा ओंडका असावा. नवा मासा सोडण्यापूर्वीं दगड-लाकडांची मांडणी सगळी मोडून पुन्हां करावी, म्हणजे जुन्या धन्याचा हक्क राहत नाहीं.

तें दुःख ताजें असतां एका पालकांनीं सुचविलें, कीं उरलेल्यांपैकीं एक मासा गांवच्या तळ्यांत सोडून द्यावा. हेतु दयेचा होता; मीं मात्र साफ नाहीं म्हटलें. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत व केरळांतील पाण्यांत हे मासे पसरले आहेत. मेक्सिकोंतील इन्फिएर्निलो धरणांत तर मच्छीमारांच्या जाळ्यांत खाण्याच्या माशांऐवजीं हेच येऊं लागले. नर अंड्यांसाठीं कांठांत बिळें पोखरतात, त्यानें कांठ ढासळतात.

शेवटीं एक मासा मोठी टाकी असलेल्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरीं गेला. दुसरा प्रयोगशाळेंत आहे. परवां त्याच मुलानें काचेस फूटपट्टी लावून मापलें, तेव्हां तो चौदा इंच भरला. पुढील वर्षीं त्यालाही मोठी टाकी लागेल.